वाचकांचे प्रश्न : झडलेला फोम, बदललेले कंडेन्सर आणि बोथट झालेला आवाज

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे जुन्या, उत्तम प्रतीच्या स्पीकरविषयी इतकी पत्रे आली की या वेळी अन्य विषय बाजूला ठेवून त्यांनाच जागा द्यावी असे ठरवले. निवडलेली सर्व पत्रे सोलापूर शहरातील आहेत. त्यामुळे उत्तरे देताना येथला उन्हाळा, येथली घरे आणि येथली धूळ यांचाही विचार करता आला. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या थोरल्या बंधूंनी १९७२ साली अमेरिकेतून परतताना एआर-३ए ही स्पीकरची जोडी आणली. बंधू आता हयात नाहीत. त्यांच्या पश्चात दहा-बारा वर्षे स्पीकर कापडात गुंडाळून माळ्यावर होते. परवा जाळी काढून पाहिली, तर वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेचा फोम बोट लागताच चुरा होऊन झडला. एका स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) ही मुका आहे. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे असे की जुने वूफर काढून त्या जागी गाडीत बसवतात ते नवे सबवूफर घालावेत, म्हणजे आवाज दुप्पट होईल. आपला सल्ला हवा आहे. — एक निवृत्त प्राध्यापक, सात रस्ता

उत्तर : आपण विचारण्यापूर्वी वूफर काढू दिले नाहीत, याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानतो. ते वूफर कृपया कोणालाही देऊ नका.

झडलेला फोम हा स्पीकरचा बिघाड नव्हे, ती केवळ त्या एका वस्तूची झीज आहे. वूफरच्या कोनाला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूला, बाहेरच्या लोखंडी चौकटीशी जोडणारी ही कडी पॉलियुरेथेन फोमची असते. हवेतील ओलावा या फोमच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडतो, ऊन आणि उष्णता त्या कामाला गती देतात, आणि साधारण पंधरा ते वीस वर्षांत फोम आपोआप भुगा होतो. स्पीकर वाजवला काय किंवा गुंडाळून ठेवला काय, यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा तर त्याहून तापतो, तेव्हा माळ्यावरच्या स्पीकरचे आयुष्य आणखी घटते. परंतु कोन, त्याला हलवणारे तारेचे वेटोळे (व्हॉइस कॉइल) आणि लोहचुंबक यांना या सगळ्याची बाधा होत नाही. बहुधा ते आजही जसेच्या तसे असतील. मात्र या अवस्थेत स्पीकर वाजवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण फोमचा आधार गेल्यावर कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत तिरकी होऊन घासते, आणि मग पन्नास वर्षे टिकलेली वस्तू एका संध्याकाळी जाते.

आता सबवूफरविषयी. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली एआर कंपनी काढली ती एका विशिष्ट कल्पनेवर. वूफरची स्वतःची स्प्रिंग अगदी सैल ठेवायची, पेटी पूर्ण हवाबंद करायची, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यायचे, अशी ती कल्पना होती. त्यामुळे एआर-३एचा वूफर मोकळ्या हवेत सुमारे वीस हर्ट्झच्या आसपास घुमतो आणि पेटीत बसवल्यावर चाळीस हर्ट्झच्या थोडा वर. वूफर आणि पेटी ही एकमेकांच्या मापाने घडवलेली जोडी आहे. त्यात भलताच वूफर बसवणे म्हणजे एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून चालणे होय. शिवाय हा वूफर ५७५ हर्ट्झपर्यंत काम करतो, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे पंडित भीमसेन जोशी यांच्यासारख्या गायकाच्या आवाजाचे सगळे अंग, सगळा भरदारपणा या बारा इंची वूफरमधूनच येतो. गाडीतला सबवूफर जड कोनाचा असतो आणि केवळ खालचा धक्का देण्यासाठी घडवलेला असतो. तो बसवल्यास दणका वाढेल आणि गायक खोलीतून निघून जाईल.

करायचे ते काम असे आहे. त्या विशिष्ट वूफरसाठी बनवलेली फोमची कडी मागवावी. नुसते ‘बारा इंची’ एवढे माप पुरेसे नाही. कडीच्या घडीची रुंदी, आतल्या काठाचा उतार आणि फोमचा मऊपणा, तिन्ही जुळावे लागतात. टिकाऊपणाच्या नावाखाली रबराची कडी सुचवली जाते. अन्य काही स्पीकरमध्ये ती मुळातच असते आणि तेथे ती उत्तमच असते, पण येथे ती जड आणि ताठ पडेल आणि वूफरचा घुमण्याचा बिंदू वर सरकवील. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा फोम बदलावा लागला तरी चालेल, पण फोमच घालावा.

जुना डिंक काढताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भरपूर धीर, एवढेच वापरावे. थिनर किंवा पेट्रोल लावू नये. मी स्वतः पहिल्या दुरुस्तीच्या वेळी घाईने थिनर लावले आणि कोनावरचा मूळ लेप विरघळून गेला. तो वूफर पुन्हा पूर्वीसारखा कधीच वाजला नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. कडी आधी कोनाला चिकटवावी, ती सुकू द्यावी, मग बाहेरच्या चौकटीला चिकटवावी. हा दुसरा डिंक ओला असतानाच कॉइल मध्यावर आणायची असते. त्यासाठी कारागीर एक तर मधली टोपी कापून कॉइलच्या आत पातळ पट्ट्या सरकवतात, किंवा वीस-तीस हर्ट्झचा स्वर अगदी हलका वाजवून कोन हलता ठेवतात आणि खरखर थांबेपर्यंत कडी सरकवतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत. दोन्ही वूफर एकाच वेळी, एकाच प्रकारच्या कडीने करावेत.

पेटी उघडल्यावर आत काचतंतूंची भरण दिसेल. ती जेवढी आहे तेवढीच परत भरावी, कारण तिचे वजनही मूळ आराखड्याचा भाग आहे. हातमोजे आणि तोंडाला फडके आवश्यक आहे. वूफर परत बसवताना त्याच्याखालचे गॅस्केट नवे घालावे आणि नंतर पाचही बोटे पसरून कोन सावकाश आत दाबून सोडावा. तो रेंगाळत, संथपणे परत आला तर पेटी हवाबंद आहे. टुणकन परत आला तर कोठेतरी फट आहे, ती शोधावी.

मुका ट्वीटर जळला आहे असे मी इतक्यात मानणार नाही. या स्पीकरच्या मागे मधल्या आणि वरच्या स्वरांची पातळी ठरवणाऱ्या दोन खुंट्या आहेत. त्यांच्या आतले धातूचे संपर्क गंजतात आणि ट्वीटरपर्यंत काही पोहोचतच नाही, ही या मॉडेलची सर्वपरिचित तक्रार आहे. खुंटी मागेपुढे फिरवताना आवाज आल्यासारखा वाटला, तर दोष तेथेच आहे. ती साफ करावी किंवा बदलावी. ट्वीटरची खात्री मल्टीमीटरने करता येते. काही ओहमचा रोध दाखवला तर कॉइल शाबूत आहे.

शेवटी ॲम्प्लिफायर. एआर-३ए हा चार ओहमचा आणि भुकेला स्पीकर आहे. चार ओहमचा भार सहन करीन असे ज्याच्या पाठीवर लिहिलेले नाही, त्या ॲम्प्लिफायरला तो जोडू नये.

प्रश्न : माझ्याकडे १९८५ च्या सुमाराचे ब्रिटिश बनावटीचे दोन-मार्गी स्पीकर आहेत. ‘अपग्रेड’ म्हणून क्रॉसओव्हरमधले (स्वर वूफर आणि ट्वीटर यांच्यात वाटून देणाऱ्या मंडलातले) सगळे जुने कंडेन्सर काढून महागडे पॉलिप्रॉपिलीनचे बसवले. आरंभी आवाज फार स्वच्छ वाटला, पण आता तासाभरात कान थकतात. पत्नी म्हणते की आधीचेच बरे होते. आता तारा आणि कॉइलही बदलाव्यात का? — एक अभियंता, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्नींचे कान योग्य तेच सांगत आहेत, आणि यामागचे कारण मोजून दाखवता येते.

क्रॉसओव्हरमधले जुने दोन-ध्रुवी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयोमानाने सुकतात आणि त्यांचे मूल्य ढळते, त्यामुळे चाळीस वर्षांनी ते बदलणे गैर नाही. परंतु अशा कंडेन्सरला नवा असतानाही स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो. ज्या अभियंत्याने तुमचा स्पीकर घडवला, त्याने तो रोध धरूनच ट्वीटरची पातळी ठरवली होती. पॉलिप्रॉपिलीनच्या कंडेन्सरमध्ये हा रोध जवळजवळ शून्य असतो. समजा पूर्वीचा अर्धा ओहम होता आणि ट्वीटर सुमारे सहा ओहमचा आहे, तर तो अर्धा ओहम गेल्याने ट्वीटर साधारण पाऊण डेसिबलने वर येतो. आकडा लहान वाटतो. पण हा बदल एखाद्या स्वरापुरता नसून ट्वीटरच्या संपूर्ण पट्ट्यात पसरलेला असतो, आणि कान त्यालाच आधी ‘स्वच्छ’ आणि नंतर ‘टोचरे’ म्हणतो.

तेव्हा तारा आणि कॉइल यांना हात लावण्याआधी ट्वीटरच्या मार्गातील कंडेन्सरच्या ओळीत अर्ध्या ओहमचा, पाच वॅटचा साधा रोधक जोडून पाहा. तो अवघ्या काही रुपयांत मिळतो. वूफरला समांतर असलेला मोठ्या मूल्याचा कंडेन्सर मात्र नव्या इलेक्ट्रोलिटिकनेच बदलणे मला अधिक योग्य वाटते. वूफरचा आवाज वरच्या स्वरांकडे कसा उतरत जातो हे तेथील रोधाने ठरते, आणि महाग वस्तू तेथे चांगली ठरेलच असे नाही. आतले कॉइल बदलू नका. जाड तारेच्या कॉइलचा रोध कमी असतो, आणि तो बदलला की वूफरचे दमन (कोनाची हालचाल आवरण्याची क्षमता) बदलते, म्हणजे ज्या खालच्या स्वरांसाठी तुम्ही हा स्पीकर ठेवला आहे तेच बदलतात. बाहेरच्या तारेसाठी विजेच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटरपर्यंत पुरेशी आहे. जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो.

बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणांच्या गाड्यांसाठी घडवलेल्या एलएस-३/५ए या छोट्या स्पीकरचे उदाहरण येथे आठवते. त्याच्या मूळ पंधरा ओहमच्या आवृत्तीत ट्वीटरची पातळी जुळवण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये अनेक टोकांचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर होता आणि प्रत्येक पेटीतील युनिट मोजून त्यातले योग्य टोक निवडले जाई. इतके बारीक जुळवलेले काम आपण दुकानातल्या ‘अधिक चांगल्या’ भागांनी सुधारू, असे मानण्यापूर्वी थांबून मोजमाप करावे, असे माझे ठाम मत आहे. आधी स्पीकर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा करावा. सुधारणेचा विचार त्यानंतर, आणि तोही एका वेळी एका भागाचा.

तपासण्याची माझी पद्धत सांगतो. केवळ एकाच स्पीकरमध्ये बदल करावा, दुसरा तसाच ठेवावा. दोन्ही शेजारी ठेवून ॲम्प्लिफायर मोनोवर टाकावा आणि बॅलन्सच्या खुंटीने आलटून पालटून ऐकावे. त्यासाठी तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणासारखी दुसरी कसोटी नाही. तानपुऱ्याच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरच्या अनुस्वरांचेच वैभव अधिक असते. ट्वीटर वर आला असेल तर जवारी (तारेची झणझणती आस) सुटी होऊन तारेच्या पुढे पळते, आणि दबलेला असेल तर ती बुजते. जवारी आणि खर्ज एकाच तुंब्यातून येतात असे वाटले, की काम झाले. त्यानंतर डग्ग्याचा घुमारा ऐकावा.

एक शंका उरते. जुने कंडेन्सर असताना आवाज फारच मंद वाटत होता म्हणून तुम्ही हा खटाटोप केला असेल, तर ट्वीटरमधील फेरोफ्लुइडही तपासून घ्या. कॉइल थंड ठेवण्यासाठी चुंबकाच्या फटीत भरलेले हे चुंबकीय तेल काही दशकांनी घट्ट होते, आणि ट्वीटर चिखलात रुतल्यासारखा वाजतो. अनुभवी कारागीर फट पुसून नवे तेल घालू शकतो. जुने कंडेन्सर टाकून दिले नसतील तर एका पाकिटात नाव-मूल्य लिहून जपून ठेवा.

प्रश्न : आमचे घर बाळीवेशीत जुन्या पद्धतीचे आहे. खाली शहाबादी फरशी, चारही बाजूंना जाड गिलाव्याच्या भिंती. सासऱ्यांचे मोठे स्पीकर दुरुस्त करून आणले, पण आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. भिंतींवर सोलापुरी चादरी टांगल्या तर उपयोग होईल का? — एक शिक्षिका

उत्तर : अंशतः होईल. कोठे होईल आणि कोठे नाही, हे कळण्यासाठी ध्वनिलहरींची लांबी पाहावी लागते. एक हजार हर्ट्झची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते, शंभर हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. कापड ध्वनी शोषते ते हवा जेथे वेगाने हलते तेथे, आणि भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही. तो वेग भिंतीपासून पाव लहरीच्या अंतरावर सर्वांत जास्त असतो. हे अंतर हजार हर्ट्झसाठी साडेआठ सेंटिमीटर भरते, शंभरसाठी तब्बल ८५ सेंटिमीटर.

याचा अर्थ असा की भिंतीला घट्ट लावलेली एकेरी चादर केवळ अगदी वरचे स्वर खाईल आणि खालचा घुमारा तसाच ठेवील, म्हणजे आवाज आणखीनच कोंदट होईल. जाड विणीची चादर दुहेरी करावी, चुण्या पाडून पडद्यासारखी सोडावी आणि भिंतीपासून एक वीत पुढे दांडीवर टांगावी. जागा निवडताना आपण बसतो तेथून भिंतीवर आरसा सरकवून पाहावा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तेथेच चादर हवी. फरशीवर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये सतरंजीपेक्षा जाड गालिचा किंवा चक्क एक गादी अंथरावी.

खालच्या घुमाऱ्याला मात्र चादर पुरणार नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून किमान दोन-तीन फूट पुढे आणावेत. कोपऱ्यातल्या पेटीचा खर्ज दोन भिंती आणि जमीन मिळून वाढवतात. पुस्तकांचे भरलेले कपाट, गाद्यांची रास, जुना कापसाचा सोफा यांची मदत होते. जुन्या घरांतील जाड भिंती वाईट नाहीत. त्या थरथरत नाहीत, आणि शेजाऱ्यांच्याही कामी येतात.

प्रश्न : आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग आहेत. स्पीकरच्या जाळीवर रोज कापसाचे तंतू बसतात. आत जाऊन नुकसान होईल का? — एक टॉवेल-उत्पादक, अशोक चौक परिसर

उत्तर : पुढच्या जाळीचे कापड बहुतेक तंतू अडवते, म्हणून ते काढून ठेवण्याची हौस तुमच्या घरी करू नये. मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा झाडावे. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड ट्वीटरजवळ नेऊ नये. तुमच्या पेटीला हवेचे भोक असेल तर त्यातून तंतू आत ओढले जातात, आणि ज्या वूफरच्या चुंबकाला मागून छिद्र असते त्याच्या आत ते साचतात. स्पीकर बंद असताना भोकात स्पंजचा सैल बोळा ठेवावा आणि वाजवताना आठवणीने काढावा. दोन-तीन वर्षांतून एकदा वूफर उतरवून मागचे छिद्र पाहावे.

प्रश्न : नातवाने ट्वीटरचा घुमट बोटाने आत दाबला. — विजापूर रोड

उत्तर : घुमट रेशमी किंवा कापडी असेल तर चिकटपट्टीचा कमी चिकट तुकडा हलकेच लावून सावकाश बाहेर ओढावा. बहुधा तो पूर्ववत होतो. धातूचा असेल तर हात लावू नये. त्याला पडलेली घडी जात नाही, आणि प्रयत्नात तो फाटतो. नातवाला रागावू नका.

प्रश्न : वडिलांचे वय ७९ आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या हौसेने घेतलेले स्पीकर आम्ही नुकतेच जाणकाराकडून पूर्ण तपासून घेतले, सर्व ठीक निघाले. तरी बाबा म्हणतात, ‘आवाज बोथट झाला, बासरीतली हवा ऐकू येत नाही.’ नवे स्पीकर घ्यावेत का? त्यांना या जोडीचा फार लळा आहे. — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुमच्या पत्राने मी बराच वेळ विचारात पडलो. स्पीकर तपासून झाले आहेत आणि घरातील अन्य कोणालाही फरक जाणवत नाही, तर फरक बहुधा बाबांच्या श्रवणात पडला आहे. वयानुसार प्रथम वरच्या पट्टीतले स्वर ऐकू येईनासे होतात, आणि बासरीच्या फुंकरीचा आवाज नेमका तेथेच असतो. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणाची चाचणी करून घ्यावी. ती सोपी आणि वेदनारहित असते. केवळ मळ साचल्यानेही असे होऊ शकते.

नवे स्पीकर काही बाबतींत खरोखर चांगले असतात. त्यांचा आवाज खोलीत अधिक समतोल पसरतो आणि लहान पेटीतूनही ते आश्चर्यकारक खर्ज देतात. परंतु बाबांची तक्रार ते दूर करणार नाहीत, आणि ओळखीचा आवाज घरातून गेल्याचे दुःख मात्र होईल. क्रॉसओव्हरमध्ये फेरफार करून ट्वीटर कायमचा वर आणू नका. बाकीच्यांना तो असह्य होईल. ॲम्प्लिफायरची ट्रेबलची खुंटी याचसाठी असते. ते ऐकायला बसले की ती दोन घरे पुढे करावी आणि उठले की परत आणावी.

त्यांची खुर्ची स्पीकरपासून किती दूर आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. ती शक्य तितकी पुढे, अगदी पाच-सहा फुटांवर आणा. दोन्ही पेट्या आत वळवा, इतक्या की बसल्या जागेवरून त्यांना पेटीच्या कडा न दिसता केवळ समोरचा भाग दिसेल, आणि ट्वीटर त्यांच्या कानाच्या उंचीला येईल असे स्टँड सुताराकडून करून घ्या. वरचे स्वर सरळ रेषेतच सर्वांत चांगले पोहोचतात. मग बाबांना न सांगता बासरी लावा आणि ते काय म्हणतात, ते मला अवश्य कळवा.